या बाजूनं बोल

अलार्म किंचाळत होता आणि माझं बाळ उठत नव्हतं.

ठेच्यासाठी मिरच्या भाजायला टाकल्या होत्या, खिडकी उघडायची राहिली, आणि एवढ्याशा किचनमधला धूर गेला तो थेट जिन्यापाशी. तिथं छताला तो गोल पांढरा डबा असतो ना, इथं प्रत्येक घरात असतो, तो ओरडायला लागला. कानात सुई घालावी तसा आवाज. आणि त्याच्या बरोब्बर खाली बाळाची खुर्ची. मी टॉवेलनं वारा घालत होते, डोळ्यांना धारा लागलेल्या, आणि एकदम लक्षात आलं की बाळ हललंसुद्धा नाहीये. डोळे मिटलेले, एक हात खुर्चीबाहेर लोंबतोय. मला वाटलं, गेलं. धुरानं गेलं. टॉवेल कुठं पडला माहीत नाही, मी त्याला उचललं, छातीशी दाबलं आणि पुढचं दार उघडलं, धूर जावा म्हणून की कुणीतरी यावं म्हणून, ते आजही सांगता यायचं नाही.

दारात एक उंच म्हातारा माणूस उभा होता आणि त्याच्या हातात लाकडाचा मोठा चमचा होता.

तुम्ही हसाल, पण खरंच चमचा. आपण भाजी परततो ना, तसला लांब दांड्याचा. दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा. अंगावर पावसाचा कोट, तोंड लाल, मास्क हनुवटीवर आलेला. धूर नाकात गेला आणि ते असे खोकायला लागले की समोरच्या घरातला पडदा हलला. ते दिवस आठवा. खोकणारा माणूस दिसला की लोक रस्ता बदलायचे. आणि हा माझ्या दारात, माझ्या मिरचीमुळं, वाकून वाकून खोकतोय.

खोकता खोकताच ते एक पाऊल आत आले, त्या चमच्याच्या दांड्यानं छतावरच्या डब्याचं बटण दाबलं आणि आवाज बंद झाला. मग म्हणाले, "लव्ह, हा आवाज तर मलासुद्धा ऐकू आला."

इथं सगळे लव्ह म्हणतात, दुकानातली बाईसुद्धा म्हणते, पण तेव्हा मला सवय नव्हती, मी पटकन जिन्याकडं बघितलं. वरती आमचे हे उभे होते, कानांवर हेडफोन, मीटिंग चालू, हातानं विचारत होते काय झालं.

बाळानं डोळे उघडले. मला बघितलं आणि हसलं. एवढ्या गोंधळात हसलं. मला रडूच आलं, आणि रडता रडता मी त्या माणसाला माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की माझं बाळ फार शहाणं आहे, कधी उठत नाही, गुड स्लीपर. ते बाळाकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. दोन पावलं मागं जाऊन, बाहेर उभं राहून, एक कागद त्या चमच्यावर ठेवून मला दिला. कागदावर त्यांचाच फोटो होता. कोटात, तरुणपणीचा.

ते आमच्या भागाचे टीडी होते. टीडी म्हणजे इथले आमदार म्हणा, खासदार म्हणा, डब्लिनच्या संसदेत बसणारे. आणि चमचा कशाला, तर दारातल्या पत्रपेटीच्या फटीत कागद सरकवायला. आत कुत्रं असतं, बोटं चावतं. सगळ्या आयुष्यात तीनदा चावलं, असं ते नंतर अभिमानानं सांगायचे, जखम दाखवायचे. मी आपल्याकडचे पुढारी बघितलेत, गाडीतनं उतरत नाहीत. हा माणूस स्वतः दारोदार चमचा घेऊन फिरायचा.

मी कुठली कोण ते सांगायचं राहिलं. मी बारावीला इंग्लिशमध्ये नापास झाले, मग लग्न झालं, हे पुण्यात कंपनीत होते, तिथनं यांना आयर्लंडला पाठवलं. आम्ही डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला भाड्याच्या घरात आलो आणि सहा महिन्यांत दिवस गेले. बाळंतपणाला आई येणार होती, तिकीट काढलेलं, आणि तेवढ्यात सगळं बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद. दवाखान्यात मी एकटी. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं, खाटा मोकळ्या करत होते, बाळाच्या कानाची तपासणी राहिली ती नंतर बोलवू म्हणाले. मला तर ते समजलंही नाही नीट. मी मान हलवली. मला न समजलेल्या सगळ्याला मी मान हलवायचे.

आणि ते वर्ष कसं होतं, तुम्हीही जगलात म्हणून सांगते. आमच्याकडं तर स्वप्नासारखं होतं. स्टेशन घराजवळच, गाड्या यायच्या, आत दिवे लागलेले आणि एकही माणूस नाही, तशीच रिकामी गाडी थांबायची, दारं उघडायची, मिटायची, जायची. आकाशात विमान नाही. शाळेत पोरं नाहीत. सकाळी धुकं यायचं ते समोरच्या हिरवळीवर बसून राहायचं, कुणी उठवायलाच नाही त्याला. मी बाळाला मांडीवर घेऊन खिडकीत बसायचे आणि मला वाटायचं कुणीतरी जगाचं बटण दाबून ठेवलंय. असल्या शांततेत कुणाचं बाळ ऐकतं आणि कुणाचं नाही, हे कसं कळावं?

अलार्मच्या दिवशी मनात शंका आली होती माझ्या. मी ती मागं ढकलली. पण व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगून बसले. त्या म्हणाल्या, ताट वाजव त्याच्या मागं, लगेच समजेल. मी बाळाला, विहानला, जमिनीवर बसवलं, मागं स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं, आणि विहाननं गर्रकन मान वळवली. तिकडं सासूबाई हसल्या, इकडं मी. त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं. मी माझ्या आईलाही ताट वाजवून दाखवलं, मावशीला दाखवलं. रोज कुणाला ना कुणाला दाखवायचे, तो रोज वळायचा. मी गाढ झोपायला लागले.

टीडींचा मात्र आमच्या कॉलनीत वरचेवर मुक्काम असायचा. घरात जायची बंदी, म्हणून ते मधल्या हिरवळीवर उभे राहायचे आणि लोक आपापल्या पायरीवरनं गाऱ्हाणी सांगायचे. कुणाला डॉक्टर मिळत नाहीये, सगळ्या डॉक्टरांचे पेशंट भरलेत. कुणाची बस बंद केली. कुणाच्या पोराला शाळेत जागा नाही. त्यांना एकाच कानानं ऐकू यायचं, डाव्या. लहानपणी कसलंसं दुखणं झालं त्यात उजवा गेला. म्हणून कुणी बोलायला लागलं की ते अख्खे वळायचे, नुसती मान नाही, खांदे, पाय, सगळं, दाराचं बिजागर फिरावं तसे, आणि कानामागं हात लावून म्हणायचे, "या बाजूनं बोल." समोरच्यानं सांगितलं की ते पुन्हा एकदा मोठ्यांदा म्हणून घ्यायचे, बरोबर ऐकलं का बघायला. त्यामुळं कुणाच्या मूळव्याधीचं ऑपरेशन किती दिवस लांबलंय हे अख्ख्या कॉलनीला माहीत. पलीकडच्या आजीबाई म्हणायच्या की पाद्रीपुढं करतात तसं कन्फेशन यांच्यापुढं करू नये. आणि सगळं ऐकून झालं की शेवटी ठरलेलं, "लीव्ह इट विथ मी." म्हणजे माझ्यावर सोड.

आमचे हे हसायचे. म्हणायचे, आपल्याकडचे म्हणतात बघतो, करतो, इकडचे म्हणतात लीव्ह इट विथ मी. सगळीकडं सारखंच.

एका दुपारी मी विहानला कडेवर घेऊन पायरीवर उभी होते. मला काही सांगायचं नव्हतं, माणसं बघायची होती फक्त. त्यांनीच हात केला. मी काहीतरी म्हणलं, त्यांना समजेना, म्हणाले मास्क खाली कर, लांबच आहेस, मला ओठ बघितल्याशिवाय ऐकू येत नाही. मी खाली केला. त्यांनीही त्यांचा केला. आणि ते बसबद्दल काहीतरी सांगायला लागले आणि मधेच थांबले.

विहान त्यांच्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही. टक लावून तोंडाकडं.

ते हळूहळू जवळ आले, अंतर राखून गुडघ्यावर बसले, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, बा बा बा. विहान खळखळून हसला. मग त्यांनी हातातला कागद तोंडासमोर धरला आणि मोठ्यांदा हाक मारली. एवढ्या मोठ्यांदा की मी दचकले. विहान कागदाकडं बघत होता, त्यावरच्या फोटोकडं.

"लव्ह," ते म्हणाले, "हा माझे ओठ वाचतोय. मी हेच करतो."

मला राग आला. हो, राग. म्हणलं कोण हा, चमचा घेऊन फिरणारा, माझ्या लेकराला नावं ठेवणारा. म्हणलं थांबा. आत गेले, ताट आणलं, विहानला दारातच जमिनीवर बसवलं, मागं जाऊन ताट आपटलं. तो वळला. मी त्यांच्याकडं बघितलं, आता बोला म्हणून.

त्यांनी त्यांचा बूट आमच्या उंबरठ्याच्या आत ठेवला आणि नुसती टाच दाबली. लाकडी जमीन जराशी थरथरली. आवाज काही नाही. विहान पुन्हा वळला.

"आता ताट हवेत धरून वाजव," ते म्हणाले.

मला वाजवायचं नव्हतं. तुम्हाला सांगते, त्या वेळेला मला कुणी म्हणालं असतं ना की ताट टाकून दे आणि पळून जा, तर मी गेले असते. आमच्या गावच्या घरात शहाबादी फरशी, तिच्यावर हत्ती नाचला तरी हलायची नाही. सासूबाईंना कुठं ठाऊक की इथं घरं लाकडाची असतात, जमीन हलते, पायाखाली बोलते. मलाही कुठं ठाऊक. मी ताट उचललं, त्याच्या डोक्यामागं धरलं आणि दुसऱ्या हातानं वाजवलं. एकदा, मग पुन्हा, मग वाजवतच राहिले. कॉलनीतली सगळी माणसं आपापल्या पायरीवरनं बघत होती. विहान स्वतःच्या मोज्याशी खेळत होता.

टीडींनीच माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. अंतरबिंतर विसरले. मी त्यांना म्हणलं, माझं इंग्लिश कसलं, पण म्हणलं की मला वाटायचं जगच गप्प आहे. मी खुश होते तो झोपतो म्हणून. मी सगळ्यांना सांगायचे अभिमानानं. ते डावा कान माझ्याकडं करून उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं मोठ्यांदा परत म्हणलं नाही. एवढंच म्हणाले, लीव्ह इट विथ मी, पण तेही हळू.

त्यानंतरचं काय सांगू. दवाखान्यात फोन लावला तर मशीन बोलायचं. माणूस लागला तर म्हणायचा नाव घेतलंय, थांबा, कान तपासणारी माणसं दुसऱ्या कामाला लावलीत, पुढच्या वर्षी बोलावणं येईल. पुढच्या वर्षी कधी, ते नाही. आणि मी मोबाइलवर वाचलं, नको ते वाचलं, की दोन वर्षांच्या आत कानात आवाज गेला नाही तर पुढं बोलणं फार अवघड जातं. विहान आधी बाबा, गागा असलं काहीतरी करायचा. ते कमी कमी होत चाललं होतं. मी मोजायचे नाही, पण माझ्या लक्षात यायचं. सकाळी उठल्यावर पूर्वी गडबड करायचा, आता नुसता छताकडं बघत पडून राहायचा. माझ्या लेकराचा आवाज माझ्या समोर विझत चालला होता आणि मला कुणाचं दार वाजवावं ते ठाऊक नव्हतं.

टीडींनी दोन पत्रं लिहिली, फोन केले, काही होईना. तेव्हा ते आमच्या दाराशी आले, पाऊस भुरभुरत होता, आणि म्हणाले की मी संसदेत उभं राहून मंत्र्याला विचारतो. नाव घेणार नाही. पण ताटाचं, झोपेचं, ते सगळं सांगावं लागेल, तुझी परवानगी पाहिजे.

आमचे हे नको म्हणाले. वाईट माणूस नाहीत हो ते, घाबरलेले होते. व्हिसाचे कागद नूतनीकरणाला गेलेले, कंपनीत माणसं कमी करत होते. त्यांनी मला बसवून समजावलं की आपण परक्या देशात आलोय, सरकारविरुद्ध संसदेत तक्रार म्हणजे काय समजतेस, उद्या कुणी नाव शोधून काढलं तर. नंबर येईल आपला. आणि आपल्याला इथं त्या निवडणुकीत मतच नाही, तो म्हातारा आपल्यासाठी कशाला जीव काढेल, स्वतःचं नाव करायचंय त्याला. मलाही ते पटलं. ते शिकलेले, मी नाही. घरात कागदाचं सगळं तेच बघतात.

पटलं आणि तरी दुसऱ्या दिवशी, वरती त्यांची मीटिंग चालू असताना, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टीडींना फोन लावला. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडावं लागत होतं आणि वरती ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलावं लागत होतं. तीनदा म्हणाले, काय? शेवटी मी येस एवढंच ओरडले आणि फोन ठेवला. वरनं ह्यांनी विचारलं कोण होतं. म्हणलं, पार्सलवाला.

टीडी संसदेत बोलणार होते त्या दिवशी मी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. कोविडमुळं संसद नदीकाठच्या एका मोठ्या हॉलमध्ये भरत होती. एवढा मोठा हॉल आणि त्यात माणसं अशी लांब लांब, शेतात बगळे बसावेत तशी. खूप वेळ कुणीकुणी बोललं, मला समजलं नाही. मग ते उभे राहिले. मोबाइलवर ते एवढे म्हातारे दिसत होते. हातातला कागद त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, माझ्या भागात एक मुलगा आहे. त्याच्या आईला अभिमान होता की तो कधी झोपेतनं उठत नाही. सगळं जग गप्प होतं, म्हणून तिला समजलं नाही. मग ताटाचं सांगितलं. ताट म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं, हातानं गोल करून दाखवलं. आणि मंत्र्याला म्हणाले, त्याला तुमचं उत्तर ऐकू येणार नाही, म्हणून मला तारीख द्या.

मी पोळी लाटत होते ती तशीच राहिली. मागं वळले तर आमचे हे दारात. हेडफोन गळ्यात. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "हे आपल्याच घरातलं सांगतायत ना गं?"

मी मान हलवली. ते स्टुलावर बसले, मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. मग आणखी एकदा. नंतर वरती गेले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्यांना हाका मारत राहिलं, ह्यांचं लक्षच नव्हतं.

मंत्र्यानं तारीख दिली नाही. म्हणाले माहिती घेऊ. टीडी खाली बसले. मी पुढं बरेच दिवस पत्रपेटी वाजली की दचकायचे, व्हिसावाल्यांचंच असेल म्हणून. विजेचं बिल असायचं. आणि मग फोन आला दवाखान्यातनं, सोमवारी येऊ शकाल का. त्यांच्यामुळं आला की नंबरच लागला, देवाला ठाऊक. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, तो आपोआपच येणार होता, पण श्रेय मी घेईन, आमचा धंदाच तो. मी म्हणलं मला तर मत नाही. ते विहानकडं बघून म्हणाले, ह्याला असेल. थांबतो मी.

तपासणीत निघालं की दोन्ही कान कमकुवत, पण अगदीच मेलेले नाहीत. ऐकायची यंत्रं लावली तर चालेल. पुढचे महिने कानांचे साचे घेण्यात, बदलण्यात गेले. यंत्रं लावली त्या दिवशी एकालाच आत सोडत होते, हे खाली गाडीत बसून व्हिडिओवर बघत होते. निळी यंत्रं, चिमणीच्या अंड्याएवढी. तिथल्या बाईनं चालू केली आणि मला म्हणाली बोल. एवढे दिवस बोलायचं म्हणून साठवलेलं, एक शब्द येईना. शेवटी म्हणलं, विहान, दूध पिणार का? त्याची चोखणी तोंडातनं पडली. माझ्याकडं असा बघत राहिला, संशयानं, की एवढे दिवस ही कोण बाई होती.

टीडींना दाखवायला नेलं तेव्हा ते हिरवळीवरच होते. विहानच्या कानांकडं बघितलं, मग स्वतःची टोपी काढली. डाव्या कानात त्यांनीही यंत्र घातलं होतं. कितीतरी वर्षं खणात पडलेलं म्हणे. यंत्र दिसलं की लोक म्हातारा समजतील, मतं जातील, म्हणून घालत नव्हते. आता घातलंय तर बायकोचं सगळं ऐकू येतं, म्हणाले, फार बोलते ती, मला कल्पनाच नव्हती. आणि मग लाजल्यासारखं हसले, सत्तरीचा माणूस, कानाशी हात नेऊन, नवीन चष्मा लागलेल्या पोरासारखे.

त्यानंतर ते ओरडायचे बंद झाले. हळू बोलायला लागले. कॉलनीतल्या लोकांना वाटलं आजारी आहेत. पलीकडच्या आजीबाई मला म्हणाल्या, आता कुणाचं काय चाललंय काहीच समजत नाही, चैन पडत नाही.

आजारी होते की नाही माहीत नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उन्हाळा संपता संपता एका सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. झोपेतच गेले.

इथं माणूस गेला की सगळं गाव त्याच्या घरी जातं, चहा पितं, ते मला आजीबाईंनी सांगितलं. ते स्वतः म्हणे कुणाचीही मयत चुकवायचे नाहीत, ओळख असो नसो. पण तेव्हा चर्चमध्ये मोजकीच माणसं सोडत होते. म्हणून लोक रस्त्यावर उभे राहिले. आमच्या कॉलनीपासनं मोठ्या रस्त्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, थोडं थोडं अंतर ठेवून, काळे कोट, कुणी कामाच्या कपड्यात, कुणी कुत्रं घेऊन. ढग खाली आले होते, पाऊस नव्हता. आम्ही तिघंही उभे होतो, ह्यांनी मीटिंग सोडली होती. कुणी बोलत नव्हतं. मला पुन्हा ते पहिलं वर्ष आल्यासारखं वाटलं, सगळं कापसात ठेवल्यासारखं.

काळी गाडी अगदी सावकाश आली. मला वाटलं लोक हात जोडतील, नाहीतर मान खाली घालतील. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मला ठाऊक नव्हतं, इथं तशी पद्धत आहे. लांबून टाळ्या यायला लागल्या, गाडीबरोबर सरकत सरकत, मग आमच्या शेजारी, मग आमच्या डोक्यावरच. विहाननं असं कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या यंत्रात ते कसं वाजलं असेल कुणास ठाऊक. त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं. असं रडला, असं रडला की टाळ्यांवरनं त्याचा आवाज जात होता. अख्ख्या रस्त्यावर मोठ्यांदा रडणारा तो एकटाच. ही इथली माणसं रडत नाहीत हो, जबडा घट्ट करून उभी राहतात. सगळे वळून बघायला लागले. हे म्हणाले, काढ, काढ ती यंत्रं, घाबरलाय तो. माझा हात त्याच्या कानाशी गेला. नुसतं बोट लावलं की निघतं ते, निघालं की तो गप्प होणार, त्याला सगळं जग पुन्हा गप्प होणार.

काळ्या गाडीच्या मागच्या मोटारीत त्यांची बायको होती. ती मोटार आमच्यापाशी आली आणि तिची काच खाली सरकली. त्या बाईनं विहानकडं बघितलं. माझ्याकडं नाही. रागावल्या होत्या की काय होतं त्या चेहऱ्यात, मला वाचता आलं नाही. त्यांनी काच वर केली नाही. मोटार पुढं जाईपर्यंत तशीच उघडी होती आणि विहान रडत होता आणि माझं बोट त्याच्या कानावर होतं.

मी नाही काढलं. रडू दिलं. आमचे हे अजून म्हणतात की चुकलं, मयतीच्या वेळी शोभत नाही, पोरालाही त्रास. असेलही चुकलं. पण तुम्ही तिथं असतात, कडेवर असं लेकरू आणि समोरनं ती गाडी, तर तुम्ही काय केलं असतं?